तळवडेकरबाई आणि एकोणचाळीस नंबर

माझं पहिलं औषध तळवडेकरबाईंनी मारलं, आणि मारायचं हत्यार मीच त्यांना करून दिलं. औषध म्हणणंही तसं जास्तच झालं. औषध व्हायला निघालेलं एक पांढरं चूर्ण होतं ते. पण ते मी माझ्या हातांनी बनवलं होतं, माझं वय तेव्हा तिशीचं होतं, आणि तिशीतल्या केमिस्टला आपलं चूर्ण पोटच्या पोरासारखं वाटतं. बाईंबद्दल मला त्या वेळी काय वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आज जे वाटतं ते सांगतो.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. अंधेरीला चकाल्याच्या बाजूला एका औषध कंपनीचं संशोधन केंद्र होतं, तिथे दुसऱ्या मजल्यावर मी रसायनं बनवायचो. बनवलेली रसायनं खाली पहिल्या मजल्यावर जायची. खाली बायोकेमिस्ट्री. तिथे ती पांढऱ्या उंदरांवर आणि उंदरांच्या यकृतावर तपासली जायची, आणि बहुतेक सगळी नापास होऊन परत यायची. नापासाचा कागद घेऊन जिना चढून येणाऱ्या बाई म्हणजे सुमती तळवडेकर, वरिष्ठ संशोधन सहायक. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला की आमच्यातला कुणीतरी हमखास म्हणायचा, "आज कोणाची वाट लागली रे?"

उंचीला बेताच्या, अंगानं काटक. सुती साडीवर पांढरा कोट, त्याची सगळी बटणं लावलेली. काचेवर लिहायची लाल पेन्सिल अंबाड्यात खोचलेली. लग्न केलं नव्हतं. गळ्यात एका नाडीला ओवलेलं स्टॉपवॉच असायचं. प्रयोग त्यावर मोजायच्याच, पण कँटीनच्या चहाची पत्ती किती मिनिटं उकळली तेही मोजायच्या आणि कँटीनवाल्याला सांगायच्या. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या होत्या. मी त्यांना बाई म्हणायचो, त्या मला सुरेश आणि तू.

बाटल्या धुवायला खाली गोविंद नावाचा एक सज्जन माणूस होता. बाईंच्या बाटल्यांना हात लावायची त्याला बंदी होती. संध्याकाळी बाकीचे हात पुसून निघाले की बाई पदर खोचून बेसिनपाशी उभ्या राहायच्या आणि आपली काच स्वतः धुवायच्या. डॉ. बर्वे, म्हणजे त्या विभागाचे प्रमुख, एकदा म्हणाले, "तळवडेकर, हे तुमचं काम नाही." बाई म्हणाल्या, "माझी घाण मलाच कळते, सर." वहीत काही चुकलं तर त्यावर त्या एकच सरळ रेघ मारायच्या, खालचं वाचता येईल अशी. रबर त्यांच्या टेबलावर मी कधी पाहिलं नाही. चुकलेलं दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

आणि त्यांचा एक प्रश्न होता. "कोऱ्या बाटलीला विचारलंस का?"

कोरी बाटली म्हणजे सगळं काही घातलेली पण औषध न घातलेली बाटली. औषधाच्या बाटलीत काहीतरी घडलं की कोरीत ते घडलं नाही ना, हे आधी बघायचं असतं. हे प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात आणि प्रत्येक जण एक कोरी बाटली ठेवतो. बाई तीन ठेवायच्या. वर आणखी एक, नुसतं औषध विरघळवायचं द्रावण घातलेली. आम्ही हसायचो. त्यांना त्याचं काही नव्हतं.

हा प्रश्न त्या प्रयोगशाळेबाहेरही विचारायच्या, हीच अडचण होती. आमच्याकडे हिशेब खात्यात गोखले म्हणून गृहस्थ होते. त्यांच्या घरचा एक काढा होता, आणि तीन दिवसांत सर्दी पळते असा त्यांचा दावा होता. एका वर्षी निम्मं केंद्र शिंकत असताना गोखले थर्मास घेऊन मजल्यामजल्यांवर फिरत होते. बाईंनी त्यांना जिन्यात गाठलं.

"ज्यांनी काढा घेतला नाही, त्यांची सर्दी किती दिवसांत गेली, गोखले?"

"ते मला काय माहीत? मी घेणाऱ्यांना देतो."

"मग तीन दिवसांत पळते हे कशावरून?"

गोखले रागावले. बाईंनी मात्र सर्दीवाल्या वीस जणांची यादी केली, नाणं उडवून दोन गट पाडले, आणि दहा जणांना काढा, दहा जणांना नुसतं गरम पाणी असं फर्मान काढलं. मी गरम पाण्यात पडलो. रोज सकाळी बाई यायच्या आणि नाक वाहतंय का ते विचारून लिहून घ्यायच्या. दोन्ही गटांची सर्दी चार-साडेचार दिवसांत गेली. गोखल्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पण काढा प्यायला बाई त्यांच्या टेबलाशी जातच राहिल्या. "चव झकास आहे," त्या म्हणायच्या. "सर्दीशी त्याचा संबंध नाही एवढंच."

तर अशा बाई, आणि त्यांचा एक प्रबंध. हे सगळ्या केंद्राला माहीत होतं. बाई नोकरी करता करता पीएच.डी. करत होत्या, बर्वे त्यांचे मार्गदर्शक होते, आणि या गोष्टीला नऊ वर्षं होऊन गेली होती. मधे तीन-चार वर्षं घरच्यात गेली. वडील परळच्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते, दोन धाकटे भाऊ शिकत होते. मग गिरणी बंद झाली, चाळीतली खोली भावाला राहिली, आणि बाई आईवडिलांना घेऊन चारकोपला नव्या सेक्टरांत एका छोट्या घरात आल्या. त्या वेळी चारकोपला घरं आधी आली होती, रस्ते नंतर यायचे होते. दोन बस बदलून बाई अंधेरीला यायच्या, आणि तरीही आमच्या आधी पोचलेल्या असायच्या.

महिन्यातून एकदा त्या पहाटे देवनारला जायच्या. कत्तलखान्यातून बोकडाचं यकृत आणायला. त्यातून त्या एन्झाइम काढायच्या. यकृत कापल्यापासून दहा मिनिटांच्या आत बर्फात गेलं पाहिजे, नाहीतर एन्झाइम मरतं, म्हणून हे काम त्या कुणावर सोपवत नसत. एकदा त्यांचा बर्फाचा डबा धरायला मी गेलो होतो. मी नाकाला रुमाल लावून उभा, आणि बाई स्टॉपवॉच हातात घेऊन ठोकळ्याशेजारी. रशीदभाई म्हणून तिथला एक म्होरक्या होता. तो म्हणाला, "आओ डॉक्टरीणबाई, तुमच्यासाठी एक नंबर माल ठेवलाय."

"डॉक्टर नाही झाले अजून, रशीदभाई."

"गेल्या साली पण हेच बोलल्या तुम्ही."

"पुढच्या साली नाही बोलणार," बाई म्हणाल्या, आणि स्टॉपवॉच दाबलं.

तेव्हा त्यांचा प्रबंध खरोखरच संपत आला होता, आणि तो संपवला होता माझ्या एकोणचाळीस नंबरनं.

एकोणचाळीस म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आपण खाल्लेल्यातून यकृत फॅटी अ‍ॅसिड बनवतं, म्हणजे चरबीचा कच्चा माल. ते बनवणारं एक एन्झाइम आहे. ते अडवलं तर चरबी बनणं कमी होईल आणि रक्तात चरबी फार झालेल्या माणसांना एक औषध मिळेल, अशी कल्पना होती. मी एकामागून एक रेणू बनवत होतो. अडतीस वाया गेले. एकोणचाळिसाव्याच्या एका टोकाला मी अणूंचा एक आकडा बसवला, गळासारखा एन्झाइममध्ये जाऊन अडकणारा, आणि बोकडाच्या यकृतातलं एन्झाइम जागच्या जागी थांबलं.

मग बाईंनी उंदराच्या यकृताच्या पातळ चकत्यांवर तो लावला. ट्रॉम्बेहून पिवळी चिठ्ठी लावलेल्या डब्यातून किरणोत्सारी अ‍ॅसिटेट यायचं, यकृत ज्यापासून चरबी बनवतं ते. चकत्या त्यात ठेवायच्या, आणि दोन तासांनी त्यांच्या चरबीत किती किरणोत्सार उतरला ते यंत्रावर मोजायचं. जितका कमी, तितकी चरबी कमी बनली. एकोणचाळीस घातल्यावर तो निम्म्याच्याही खाली आला. एन्झाइम अडलं, चरबी घटली. दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर होत्या, मग पहिलीमुळे दुसरी झाली यात शंका कोणाला येणार? मला नाही आली, बर्व्यांना नाही आली. बाईंनी दोन वर्षं आकडे गोळा केले, त्यावर प्रबंध लिहिला, दादरच्या एका टायपिस्टकडून टाइप करून घेतला. बांधणीही झाली. काळ्या कापडाच्या पाच प्रती त्यांच्या कपाटात होत्या. इकडे पेटंटच्या कागदांवर माझं नाव चढलं होतं आणि माणसांना औषध देऊन बघायच्या परवानगीचे कागद तयार होत होते. दिवस मोठे छान चालले होते.

आणि मग बाईंनी बाटल्या धुतल्या.

चकत्यांच्या द्रावणात आम्ही एक लाल रंग घालायचो. द्रावण आंबट झालं की तो पिवळा पडतो. चकत्या काढून घेतल्या की द्रावणाकडे कोणी बघत नाही, ते बेसिनमध्ये जातं. गोविंदनं धुतलं असतं तर आजही कोणाला कळलं नसतं. बाईंच्या लक्षात आलं की कोऱ्या बाटल्यांतलं पाणी लालसर आहे आणि एकोणचाळीसच्या बाटल्यांतलं पिवळं. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी एकोणचाळीसच्या बाटल्या न धुता ओळीनं मांडून ठेवल्या आणि मला खाली बोलावलं.

"काय दिसतंय?"

"पिवळं."

"का?"

"आंबट झालं असेल."

"ते शाळेतलं पोर पण सांगेल. का झालं?"

बाई स्टुलावर बसल्या. "आमचे आप्पा गिरणीत मागावरच्या पोरांना काय सांगायचे माहीत आहे? 'साचो बंद पडलो म्हणजे साचोच बिघडलो असा नसता. आधी वीज बघूची.' आपण दोन वर्षं साचा बघतोय, सुरेश. वीज आहे का ते बघितलंच नाही."

त्यांना म्हणायचं होतं ते असं. पेशीचा श्वास अडला की ती कशीबशी साखर आंबवून दिवस काढते, आणि भोवतालचं पाणी आंबट होतं. एकोणचाळीस कदाचित एन्झाइमशिवाय आणखी कुठेतरी जाऊन बसत असेल, पेशीच्या श्वासावरच. तसं असेल तर चरबी कमी बनते ती एन्झाइम अडल्यामुळे नाही, पेशीच्या अंगात त्राण उरत नाही म्हणून. आणि असं चूर्ण माणसाच्या पोटात घालणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

"मला एकोणचाळीस हवाय," बाई म्हणाल्या, "पण आकडा काढलेला. बाकी सगळं तस्संच."

"म्हणजे बिनकामाचा?"

"अगदी बिनकामाचा. एन्झाइमला शिवता कामा नये."

"बाई, कंपनी मला उपयोगी रेणू बनवायचा पगार देते."

"आधीचे अडतीस बनवलेस, त्यांचा पगार घेतलास ना? मग हा बनव."

सहा आठवडे मी ते बिनकामाचं जुळं भावंड बनवत होतो. त्या सहा आठवड्यांत प्रबंध देऊन टाकायला बाईंना कोणीही अडवलेलं नव्हतं. त्यांची विद्यापीठातली नोंदणी जुलैअखेर संपत होती, दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढणार नव्हती. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण काळ्या प्रती कपाटातच राहिल्या.

जुळं तयार झालं. मी ते पातळ थराच्या काचेवर तीनदा चालवून बघितलं, दर वेळी एकच स्वच्छ ठिपका, मळ असता तर दुसरा उमटला असता. वितळायचं तापमान अर्ध्या अंशात. मग बाटली खाली दिली. बोकडाच्या एन्झाइमला त्यानं बोटही लावलं नाही. हवं होतं तसंच बिनकामाचं. आणि उंदराच्या चकत्यांवर घातल्यावर चरबी निम्म्याच्या खाली आली. हुबेहूब एकोणचाळीसइतकी. वाकड्या काचनळ्यांचं एक जुनं उपकरण होतं, त्यावर चकत्या किती प्राणवायू घेतात ते बाईंनी मोजलं. दोन्ही भावंडं पेशींचा गळा सारखाच दाबत होती.

बर्व्यांच्या खोलीत बैठक झाली, आम्ही तिघंच. बाईंनी कागद मांडले आणि दहा मिनिटांत सगळं सांगून टाकलं. बर्वे वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांनी वरच्यांना बरंच काही सांगून ठेवलं होतं. त्यांनी कागद पुन्हा एकदा चाळले आणि ते माझ्याकडे वळले.

"सुरेश, दोन्ही रेणू तुम्ही एकाच वाटेनं बनवलेत. दोन्हींत एकच मळ राहून गेला असेल, आणि श्वास तो मळ अडवत असेल. तसं असेल तर एकोणचाळीस निर्दोष आहे. दोन्ही शुद्ध आहेत याची खात्री देता?"

मला खात्री होती. तीन काचा आणि अर्धा अंश. माझ्या डोळ्यांसमोर पेटंटचे कागद आले, त्यावरचं माझं नाव आलं, आणि मी म्हणालो, "पुन्हा तपासायला हवं, सर."

त्या वाक्याची लाज मला अजून वाटते.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ऐकवणार. पण त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. तपास."

बर्व्यांचा चेहरा खुलला. "मग असं करा, तळवडेकर. तोवर प्रबंध देऊन टाका. जुलै जवळ आलाय. तुमचे आकडे खरेच आहेत, त्यात खोटं काहीच नाही. पुढे अर्थ बदलला तर बदलला, विज्ञानात असं चालतंच."

"आकडे खरे आहेत, सर. त्या आकड्यांखाली मी जे वाक्य लिहिलंय ते खरं आहे की नाही ते मला माहीत नाही. माहीत नसताना सही कशी करू?"

"नऊ वर्षं आहेत तुमची."

"दहावं चालू आहे," बाई म्हणाल्या. माणसांना औषध द्यायचे कागद निकाल लागेपर्यंत थांबवायचे, एवढं त्यांनी तिथल्या तिथे कबूल करून घेतलं आणि त्या उठल्या.

मग तीन महिने. मी दोन्ही चूर्णं विरघळवून पुन्हा स्फटिक पाडले, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा. नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पृथक्करणाला पाठवले, आणि तिथे रांग एवढी की आठ-आठ आठवडे उत्तर नाही. दर शनिवारी दुपारी बाई जिना चढून यायच्या. मला वाटायचं त्या विचारतील, झालं का, लवकर कर, जुलै संपतोय. तसं एकदाही विचारलं नाही. एकच विचारायच्या, "काय निघालं?" मी म्हणायचो, अजून काही नाही. त्या म्हणायच्या, बरं. आणि उतरून जायच्या.

त्या दिवसांत मला एक गोष्ट नीट कळली होती. निकालाचा कागद माझ्या हातचा होता. 'दोन्हींत एकच मळ आहे, या वाटेनं निघत नाही' एवढं एक वाक्य लिहिलं असतं तर नवी वाट शोधण्यात वर्ष गेलं असतं. तोवर एकोणचाळीस जिवंत, आणि बाईंचा प्रबंधही. केमिस्टच्या शब्दावर कोणी संशय घेत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मित्रानं तर मला मोकळेपणानं सांगितलं, "यार, लिही ना. तिचंही भलं, तुझंही भलं."

जुलैच्या तिसऱ्या शनिवारी मी बाईंच्या हातात कागद दिला. दोन्ही शुद्ध. त्यांनी तो उभ्यानं वाचला, दोनदा वाचला, चार घड्या घालून कोटाच्या खिशात ठेवला आणि म्हणाल्या, "बरं." पुढच्या आठवड्यात त्यांनी शुद्ध केलेल्या चूर्णांवर सगळे प्रयोग पुन्हा केले. तीन कोऱ्या बाटल्या, वर एक द्रावणाची. उत्तर तेच आलं. महिनाअखेर नोंदणी संपली त्या दिवशीही बाई कामावर होत्या. संध्याकाळी त्यांनी पाचही काळ्या प्रती टेबलावर काढल्या, प्रत्येकीतलं निष्कर्षाचं पान उघडलं, आणि पट्टी ठेवून प्रत्येक ओळीवर एकेक रेघ मारली. खालचं वाचता येईल अशी.

एकोणचाळीसचं काम बंद झालं. माझं नाव पेटंटच्या कागदांसकट कुठल्या तरी फायलीत गेलं. बर्व्यांनी बाईंना गोळ्या तपासायच्या विभागात पाठवलं, कारखान्यात, जिथे गोळी पाण्यात किती मिनिटांत विरघळते ते दिवसभर मोजायचं असतं. शिक्षा म्हणून नाही असं ते म्हणाले. पहिल्याच आठवड्यात तिथल्या मुलींनी तक्रार केली की नव्या बाई बिनगोळीचं नुसतं पाणीही मोजायला लावतात.

त्यांनी पुन्हा नोंदणी केली हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मुलुंडच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकांनी त्यांना घेतलं होतं. विषय तोच, बाजू उलटी: एका ठिकाणी नेम धरून बनवलेला रेणू आणखी कुठे कुठे जाऊन लागतो, आणि ते ओळखायचं कसं. शनिवारची अर्धी सुट्टी आणि रविवार. चारकोप ते मुलुंड म्हणजे मुंबईच्या एका कडेहून दुसरीकडे. मी एकदा विचारलं, झेपतं का. म्हणाल्या, "आई रोज विचारते, 'गे बाय, कित्याक ह्या परत?' तिला काय सांगू? पहिलं चुकलं होतं म्हणून." जुन्या जुळ्याची माझ्याकडे उरलेली बाटली त्या मागून घेऊन गेल्या. पाच वर्षं लागली त्यांना. तोवर मी घाटकोपरला दुसऱ्या कंपनीत लागलो होतो, दोन पोरांचा बाप झालो होतो, आणि माझे रेणू आता बिनचेहऱ्याच्या कोण्या दुसऱ्याच बाई नापास करत होत्या.

तोंडी परीक्षेचं निमंत्रण पोस्टकार्डावर आलं. 'वेळ असेल तर ये' एवढंच.

खोलीत वीसेक माणसं होती. बाई चष्मा लावायला लागल्या होत्या, केस अर्धे पांढरे. बाहेरगावचे परीक्षक होते, वयस्कर, चिकित्सक. तासभर त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि शेवटी म्हणाले, "तुमचा सगळा डोलारा त्या बिनकामाच्या रेणूवर उभा आहे. तो शुद्ध नसेल तर काहीच उरत नाही. तो शुद्ध होता हे मी कोणाच्या शब्दावर मानू?"

"माझ्या शब्दावर मानू नका, सर," बाई म्हणाल्या. "हा रेणू ज्यांनी बनवला ते मागे बसलेत. तो शुद्ध निघाल्यानं त्यांचं नुकसान झालं. त्यांना विचारा."

मी उभा राहिलो. सांगितलं: तीनदा स्फटिक पाडले, बाहेरून पृथक्करण करून घेतलं, वितळायचं तापमान इतकं इतकं. परीक्षकांनी मान हलवली, काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाले, ठीक. अर्ध्या तासानं जाहीर झालं. टाळ्या झाल्या. बाईंनी सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि त्या बाहेर जिन्यात आल्या. मी तिथे उभा होतो.

"अभिनंदन, बाई. एक सांगायचं होतं. पाच वर्षं सांगायचंय. बर्व्यांच्या खोलीत त्या दिवशी मी खोटं बोललो. पुन्हा तपासायची गरज नव्हती. दोन्ही शुद्ध आहेत हे मला माहीत होतं."

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मलाही माहीत होतं."

"म्हणजे?"

"तू बाटली दिलीस त्याच दिवशी मी काचेवर चालवून बघितली होती. एकच ठिपका. तुझ्या रेणूंवर मी कधी डोळे मिटून विश्वास ठेवला होता?"

"मग बोलला का नाहीत? तीन महिने गेले. नोंदणी गेली तुमची."

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "मळ आहे असं तू म्हणशील या आशेनं. दर शनिवारी जिना चढताना वाटायचं, आज म्हणेल. केमिस्टनं सांगितल्यावर मी कोण नाही म्हणणारी? म्हणाला असतास ना सुरेश, तर त्याच दिवशी विद्यापीठात जाऊन प्रती देऊन आले असते. माझ्या काचेवर एकच ठिपका होता हे कोणाला सांगितलं नसतं."

ज्या बाईंना मी इतकी वर्षं लोखंडाच्या समजत होतो, त्या माझ्याइतक्याच घाबरलेल्या होत्या.

"म्हणाला नाहीस," त्या म्हणाल्या. "वाचले रे."

खालून त्यांच्या भावानं हाक मारली. आप्पा पेढ्यांचा पुडा धरून गाडीजवळ उभे होते, फार थकले होते. बाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला, क्षणभरच, आणि निऱ्या सावरून त्या भराभर उतरून गेल्या. त्यांना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

त्यांना एक सांगायचं राहून गेलं. जुलैतल्या त्या शनिवारी माझ्या खणात दोन कागद टाइप करून ठेवलेले होते. एकावर शुद्ध, एकावर मळ आहे, आणि सही दोन्हींवर केलेली होती. त्या दारात येऊन "काय निघालं?" म्हणाल्या, तोपर्यंत कुठला द्यायचा ते माझं ठरलेलं नव्हतं.